मगदलाचा लॉर्ड आणि मुंबईचं ओझं

मी चाकणच्या एका कारखान्यात डिस्पॅचला आहे आणि राहायला चिखलीत. आमच्या कामात एक गोष्ट पहिल्या महिन्यातच कळते. माल वेळेत पोचला तर कौतुक प्लॅनिंगवाल्यांचं होतं. गाडी अडकली तर फोन आम्हाला येतो. पॅलेट कुणी चढवले, ताडपत्री कुणी बांधली, ड्रायव्हरनं रात्र कुठं काढली, हे चलनावर लिहिलेलं नसतं.

त्यामुळेच असेल, 1868 सालच्या एका युद्धाबद्दल वाचताना मी लढाईच्या पानांवर कमी आणि सामानाच्या पानांवर जास्त रेंगाळलो. हे युद्ध झालं आफ्रिकेत, आजच्या इथिओपियात. इंग्रजांनी ते जिंकलं. सेनापतीचं नाव सर रॉबर्ट नेपियर. आणि हा नेपियर त्या वेळी आपल्याच मुंबई इलाख्याच्या लष्कराचा सरसेनापती होता. त्याची फौज मुंबईच्या बंदरातून निघाली होती.

चिखलीहून पुण्याकडे जाताना दापोडी ओलांडली की खडकी लागते. खडकीत बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे. सॅपर्स म्हणजे रस्ते, पूल, सुरुंग यांचं काम करणारे सैनिक. या दलाच्या जुन्या रणसन्मानांच्या यादीत एक नाव आहे 'ॲबिसिनिया'. इथिओपियाचं तेव्हाचं नाव. मी त्या रस्त्यानं शेकडो वेळा गेलोय. तिथल्या भिंतीमागच्या दलाचा इथिओपियाशी काही संबंध असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

हबश आणि आपण

तसा हा देश मराठीला परका नाही. ॲबिसिनिया म्हणजेच हबश, आणि तिथला माणूस तो हबशी. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखाला आपल्याकडे हबसाण म्हणत. निजामशाहीचा कर्ताधर्ता मलिक अंबर मूळचा तिथलाच. गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा दख्खनमध्ये आला, वजीर झाला, आणि 1626 मध्ये मरेपर्यंत त्यानं मोगलांना दमवलं.

म्हणजे त्या देशातली माणसं आधी आपल्याकडे आली, बहुतेक जण स्वतःच्या मर्जीविरुद्ध. मग अडीचशे वर्षांनी आपल्याकडची माणसं तिकडे गेली. तीही स्वतःच्या भांडणासाठी नाही.

इंजिनिअर साहेब

नेपियरचा जन्म 1810 चा, कोलंबोतला. विलायतेत कंपनीच्या लष्करी शाळेत शिकून तो बंगाल इंजिनिअर्समध्ये लागला. सिंध जिंकणारा चार्ल्स नेपियर वेगळा, त्याच्याशी याची गल्लत करू नका. आपला रॉबर्ट नेपियर मुळात बांधकामाचा माणूस. दार्जिलिंगची वसाहत आखण्यात त्याचा हात होता. पंजाब इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर तिथले रस्ते आणि कालवे त्याच्या देखरेखीखाली झाले.

पण बांधकामाच्या मधेमधे लढायाही होत्या. शिखांविरुद्धच्या दोन्ही युद्धांत तो होता. 1858 मध्ये लखनौच्या हल्ल्यात होता. त्याच वर्षी जूनमध्ये ग्वाल्हेर पडलं, झाशीची राणी धारातीर्थी पडली आणि तात्या टोपे निसटले. त्यांच्या मागावर सुमारे सातशे लोक घेऊन गेला तो हाच नेपियर. जौरा अलीपूरला त्यानं तात्यांना गाठलं आणि त्यांच्या तोफा हिसकावल्या. तात्या तिथूनही निसटले. पुढे एप्रिल 1859 मध्ये त्यांना फाशी झाली. मग 1860 मध्ये चीनचं युद्ध, मग कलकत्त्याला गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात जागा, आणि 1865 मध्ये मुंबई लष्कराचं सरसेनापतिपद.

वय पंचावन्न, अंगावर अनेक जखमांच्या खुणा. साधारणपणे इथून पेन्शनची वाट धरायची. पण त्याच सुमारास तिकडे एका राजाचं पत्र उत्तराविना पडून होतं.

एका पत्राचं उत्तर

हा राजा म्हणजे सम्राट तेवोद्रोस दुसरा. जन्मनाव कासा. राजघराण्याच्या थेट वारशात नसलेला हा माणूस लढून वर आला आणि 1855 मध्ये सम्राट झाला. तुकड्यातुकड्यांत विभागलेला देश त्याला एक करायचा होता. त्यासाठी तोफा हव्या होत्या, आणि तोफा ओतणारे कारागीर हवे होते. 1862 मध्ये त्यानं राणी व्हिक्टोरियाला पत्र लिहिलं: आपण दोघेही ख्रिस्ती, मैत्री करू. ते पत्र लंडनच्या सरकारी कपाटात तसंच पडून राहिलं.

तेवोद्रोस चिडला. जानेवारी 1864 मध्ये त्यानं इंग्रजांचा वकील कॅमेरॉन याला कैद केलं. समजूत घालायला आलेला रस्सम हा अधिकारीही पुढे कैदेत गेला. मिशनरी, कारागीर, त्यांची बायकामुलं असे सगळे मिळून काही डझन युरोपीय अडकले.

तेवोद्रोस हा बिचारा राजा होता असं मात्र समजू नका. बंडखोरांशी तो फार क्रूरपणे वागे. शेवटच्या लढाईच्या आदल्या दिवशी त्यानं स्वतःच्याच देशातल्या शेकडो कैद्यांना मारून कड्यावरून फेकलं. 1867 पर्यंत त्याचं राज्य आतूनच फुटलं होतं, आणि बराच मुलूख त्याच्या हातातून गेला होता.

ऑगस्ट 1867 मध्ये लंडनच्या मंत्रिमंडळानं मोहीम ठरवली. सुएझ कालवा अजून खुला व्हायचा होता. तो झाला 1869 मध्ये. तांबड्या समुद्राजवळचं, फौज आणि बंदर दोन्ही असलेलं इंग्रजांचं मोठं ठिकाण म्हणजे मुंबई. एडनचा कारभारही मुंबईहूनच चाले. म्हणून काम आलं मुंबई इलाख्याकडे आणि सेनापती ठरला नेपियर.

खरं युद्ध: सामान

आता आकडे बघा. सुमारे 13,000 सैनिक. त्यांतले साधारण 9,000 हिंदी आणि 4,000 गोरे. सैनिकांच्या मागे सुमारे 26,000 बिनलढाऊ माणसं: खेचरवाले, उंटवाले, हमाल, भिस्ती, स्वयंपाकी, मोतद्दार. चाळीस हजारांच्या आसपास जनावरं. 280 च्या आसपास जहाजं. आणि 44 हत्ती. जड तोफा डोंगरावर न्यायला हे हत्ती मुंबईच्या गोदीत पट्ट्यांत अडकवून क्रेननं उचलून जहाजांत उतरवले गेले.

एका सैनिकामागे दोन बिनलढाऊ माणसं आणि तीन जनावरं. हा हिशोब डोक्यात ठेवा.

उतरायची जागा होती झुला, आजच्या एरिट्रियाच्या किनाऱ्यावर. तिथं ना धक्का, ना गोडं पाणी. आधी गेलेल्या तुकड्यांनी समुद्रात धक्के बांधले. पिण्याचं पाणी जहाजांच्या बॉयलरवर खारं पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून मिळवलं जाई. सुरुवातीला यात मोठा गोंधळ झाला. जनावरं आधी पोचली, पाणी आणि दाणावैरण मागून. खेचरवाले मुंबई, इजिप्त, इराण अशा कुठून कुठून गोळा केलेले, एकमेकांची भाषा न समजणारे. अनेक जण पळून गेले. किनाऱ्यावर तहानेनं जनावरं पटापट मेली. ज्यानं कधी डॉक रिकामा नसताना पंधरा गाड्या एकदम आलेल्या पाहिल्यात, त्याला हे चित्र सांगावं लागणार नाही.

नेपियर 2 जानेवारी 1868 ला झुलाला उतरला आणि त्यानं आधी घडी बसवली. किनाऱ्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत सुमारे 18 किलोमीटर रेल्वे टाकली. अंतर चिखलीहून शिवाजीनगरला जाण्याएवढं. रूळ हिंदुस्थानातून आलेले, वेगवेगळ्या मापांचे, काही आधी वापरलेले. ते जुळवून बसवणारे हातही बहुतेक हिंदीच. रेल्वेच्या पुढे रस्ता, रस्त्याकडेला तारायंत्राचे खांब, टप्प्याटप्प्यावर कोठारं.

वाटेत लूट करायची नाही, धान्य विकत घ्यायचं, हा नेपियरचा नियम होता. स्थानिक लोक रुपया घेईनात. त्यांना हवा होता ऑस्ट्रियाचा मारिया तेरेसा थेलर, तोही 1780 साल कोरलेलाच. मग व्हिएन्नाच्या टांकसाळीतून लाखोंनी ती नाणी पाडून आणली. फेब्रुवारीत टिग्रेचा सरदार कासाई नेपियरला भेटला. त्यानं वाट दिली. बदल्यात त्याला पुढे तोफा, बंदुका मिळाल्या, आणि त्यांच्या जोरावर तोच चार वर्षांनी योहानेस चौथा या नावानं सम्राट झाला.

झुलापासून मगदलाच्या डोंगरी किल्ल्यापर्यंत सुमारे 640 किलोमीटर. पुण्याहून हैदराबादला जाऊन आणखी थोडं पुढं, पण घाट चढत, सात-आठ हजार फुटांवरून. तीन महिन्यांत फौज मगदलासमोर उभी राहिली.

गंमत म्हणजे समोरून तेवोद्रोसही रस्ताच बांधत येत होता. त्याच्याकडे 'सेवास्तोपोल' नावाची अवाढव्य तोफ होती. युरोपीय कारागिरांकडून ओतून घेतलेली. शेकडो माणसांनी ती दोरांनी ओढायची आणि पुढे पुढे दगड फोडून वाट करायची. राजा स्वतः त्या कामाला हात लावी. दोन रस्ते बांधणारे एकमेकांसमोर आले, आणि दोघांच्याही मागे ओढणारी माणसं वेगळीच होती.

तीन दिवस

10 एप्रिल 1868, गुड फ्रायडे. आरोगेच्या पठारावर तेवोद्रोसचे हजारो लोक डोंगर उतरून चाल करून आले. गोऱ्या पलटणींकडे नव्या स्नायडर बंदुका होत्या, मागून काडतूस भरायच्या, झटपट झडणाऱ्या. पंजाब पायोनियर्सच्या हिंदी शिपायांकडे मात्र जुन्या, तोंडातून दारू ठासायच्या. 1857 नंतर हिंदी शिपायाच्या हातात गोऱ्यापेक्षा कमी दर्जाचंच हत्यार द्यायचं, असा सरकारचा शिरस्ता पडला होता. त्यामुळे पायोनियर्सना संगिनींनी हातघाईची लढाई करावी लागली. संध्याकाळपर्यंत तेवोद्रोसची सुमारे 700 माणसं मेली होती. इंग्रजांच्या बाजूनं जखमी झाले 20. त्यांतले दोन पुढे दगावले.

तेवोद्रोसनं युरोपीय कैदी सोडून दिले. ज्यासाठी ही फौज आली होती ते काम इथं संपलं होतं. पण नेपियरनं त्याला शरण यायला सांगितलं होतं, आणि ते तो करणार नव्हता.

13 एप्रिलला मगदलावर हल्ला झाला. इथं एक गोष्ट घडली, जी वाचून मला हसू आलं. चाळीस हजार जनावरांवरून जगभरचं सामान आणणारी ही मोहीम. आणि किल्ल्याचा दरवाजा उडवायची वेळ आली तेव्हा कळलं की इंजिनिअरांची तुकडी सुरुंगाची दारू आणि शिड्या मागेच विसरून आलीय! शेवटी एका गोऱ्या पलटणीतले दोन शिपाई कुंपणावरून आत चढले आणि वाट झाली. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हिंदी शिपायानं असं काही केलं असतं तरी त्याला तो मिळाला नसता. नियमानं तो हिंदी शिपायांना खुला झाला 1911 मध्ये.

आत दुसऱ्या दरवाजापाशी तेवोद्रोस मरून पडला होता. त्यानं स्वतःच गोळी झाडून घेतली होती. पिस्तूल होतं राणी व्हिक्टोरियाकडून भेट आलेलं.

बिल कुणाच्या नावावर?

ही मोहीम म्हणजे नीट आखलेल्या युद्धाचा नमुना, असं पुढे दीडशे वर्षं लिहिलं गेलं. ते खोटं नाही. नेपियर 'मगदलाचा बॅरन नेपियर' झाला. वर्षाला 2,000 पौंडांची पेन्शन मिळाली. 1870 मध्ये तो साऱ्या हिंदुस्थानचा सरसेनापती झाला, नंतर जिब्राल्टरचा गव्हर्नर. 1890 मध्ये वारला तेव्हा लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये त्याचं दफन झालं. लंडनमध्ये घोड्यावर बसलेला त्याचा पुतळा आजही आहे.

पण पैसे? सुरुवातीला पार्लमेंटकडे मागितले 20 लाख पौंड. शेवटी खर्च गेला 90 लाखांच्या घरात. आणि नोव्हेंबर 1867 मध्ये ठरलं की या मोहिमेवरच्या हिंदी फौजेचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतूनच जावा. युक्तिवाद सोपा होता: या शिपायांना तुम्ही घरी बसूनही पगार दिलाच असता, मग तो आता दिला तर तुमचं जास्तीचं काय गेलं?

याला लंडनमध्ये उभं राहून उत्तर दिलं दादाभाई नौरोजींनी. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले दादाभाई तेव्हा लंडनमध्ये होते. ईस्ट इंडिया असोसिएशनची स्थापना आदल्याच वर्षी झाली होती. तिथं 29 नोव्हेंबर 1867 ला त्यांनी ॲबिसिनियाच्या युद्धखर्चावर निबंध वाचला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: भांडण तुमचं, अब्रू तुमची, मग पैसा आमचा का? हिंदुस्थानातली फौज हिंदुस्थानच्या गरजेपुरतीच असेल, तर ती बाहेर नेता कशी येते? आणि बाहेर नेऊनही भागतंय, तर एवढी फौज आमच्या पैशानं पोसता कशाला?

हा प्रश्न मला फार आजचा वाटतो. 'कामगार तसाही पगारावर आहेच, मग शिफ्ट दुसऱ्याच्या लाइनवर लावली तर काय बिघडलं', हे वाक्य आपल्या पट्ट्यातल्या कुणी ऐकलं नाही? हिंदुस्थानातून संपत्ती कशी बाहेर वाहून जाते, हा दादाभाईंनी पुढे आयुष्यभर मांडलेला हिशोब. त्यातलं एक पान या मोहिमेचं आहे.

परत न आलेल्या पोथ्या

मगदला जाळण्याआधी लुटलं गेलं. चर्चमधले चांदीचे क्रूस, मुकुट, पात्रं आणि शेकडो हस्तलिखित पोथ्या. तेवोद्रोसनं त्या ठिकठिकाणहून जमवल्या होत्या. लूट वाहायला 15 हत्ती आणि जवळपास 200 खेचरं लागली. मग वाटेत पठारावर चक्क लिलाव झाला आणि आलेले पैसे फौजेत वाटले. ब्रिटिश म्युझियमचा माणूस मोहिमेसोबत होताच. त्यानं भरपूर खरेदी केली. सुमारे 350 पोथ्या आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. 'ताबोत' म्हणजे तिथल्या चर्चमधल्या पवित्र पाट्या. पुरोहिताखेरीज त्या कुणी बघायच्याही नसतात. अशा 11 पाट्या ब्रिटिश म्युझियमच्या बंद खोलीत आहेत. त्या प्रदर्शनात मांडता येत नाहीत आणि परतही दिल्या जात नाहीत.

हे तेव्हाही सगळ्यांना पटलं नव्हतं. 1871 मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी पार्लमेंटमध्ये या लुटीबद्दल खेद व्यक्त केला. या वस्तू ठेव म्हणून सांभाळाव्यात आणि पुढे परत द्याव्यात, असं खुद्द नेपियरचंही मत असल्याचं त्यांनी सांगितलं. योहानेसनं मागितलेली एक महत्त्वाची पोथी 1872 मध्ये परत गेलीही. बाकीच्या राहिल्या.

एक मूलही नेलं गेलं. तेवोद्रोसचा सात वर्षांचा मुलगा अलेमायेहू. त्याची आई किनाऱ्याकडे येतानाच वाटेत वारली. कॅप्टन स्पीडी नावाच्या अधिकाऱ्यानं त्याला सांभाळलं. स्पीडीची नोकरी अवधमध्ये लागली तेव्हा हा पोरगा काही काळ हिंदुस्थानातही राहिला. मग विलायतेतल्या शाळा, आणि 1879 मध्ये अठराव्या वर्षी मृत्यू. विंडसरला पुरलेल्या त्याच्या अस्थी इथिओपियानं वारंवार मागितल्या. 2023 मध्ये राजवाड्यानं पुन्हा नकार दिला: त्याच्या अस्थी काढताना आसपासच्या इतर मृतांना धक्का लागेल, असं कारण दिलं.

चिखलीच्या कडेनं इंद्रायणी वाहते. इथून देहू काही किलोमीटरवर. तुकोबांच्या वह्या डोहात बुडवल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, ही गोष्ट आमच्याकडे शाळेत जायच्या आधीच कळते. त्या गोष्टीत खरं काय घडलं यावर कुणी कितीही वाद घालो. आपली पोथी हिसकावली जाणं म्हणजे काय आणि ती परत मिळणं म्हणजे काय, हे या नदीकाठच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मगदलाच्या पोथ्या जाऊन दीडशेच्या वर वर्षं झाली.

आणि त्या वाहून किनाऱ्यापर्यंत आणल्या कुणी? मुंबईहून गेलेल्या हत्तींनी आणि मोहिमेच्या खेचरवाल्यांनी. ही गोष्ट मला सोडत नाही. आपली माणसं त्या मोहिमेत नुसती राबली नाहीत. लुटीचं ओझंही त्यांनीच डोंगर उतरून खाली आणलं. हुकूम त्यांचा नव्हता, फायदा त्यांचा नव्हता, आणि नकार द्यायची सोयही नव्हती. तरी इथिओपियातल्या एखाद्या मुलाला ही गोष्ट सांगताना आपल्याला 'आम्ही त्यात नव्हतो' असं म्हणता येणार नाही. आपण दोन्हीकडे होतो. बिल भरणाऱ्यांतही, आणि सामान उचलणाऱ्यांतही.

नेपियरचं काम मी नाकारत नाही. पाण्यावाचून मरणाऱ्या जनावरांच्या किनाऱ्यावर त्यानं बसवलेली घडी बघून डिस्पॅचचा कुणीही माणूस मान डोलावेल. पण चलनावर एकच सही होती, त्याची. खाली 26,000 माणसं होती. यापुढे खडकीहून जाताना 'ॲबिसिनिया' हा शब्द आठवला की मी आधी त्यांचा विचार करणार, लॉर्डाचा नंतर.